सेमारांगची मुकी खिडकी

१

माझ्या थोरल्याचं एक वागणं मला कधीच पटलेलं नाही. पोटात काही दडवलेलं असलं की तो माझ्या स्वयंपाकाची तारीफ करतो. एरवी ताटात काय पडलंय याची त्याला शुद्ध नसते. एक डोळा लॅपटॉपवर, एक फोनवर आणि हात आपोआप भातात. लहानपणी शेजाऱ्यांचे पेरू पाडले तेव्हा म्हणाला होता, बू, आज भाजी काय सुंदर झालीय. आमच्याकडे आईला आणि आईच्या वयाच्या बाईला बू म्हणतात. गणितात नापास झाला त्या दिवशी पुन्हा पुन्हा भात मागून घेतला. आता कानाजवळचे केस पिकायला लागले तरी खोड तीच.

त्या बुधवारी दुपारी लुकितोने माझ्या तुंपांगची तारीफ केली. उतरलेल्या तेंपेचा, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनच्या वडीचा, हा रस्सा सालातिगात माझ्यासारखा कोणाला जमत नाही हे गावाला माहीत आहे. त्याने सांगायची गरज नव्हती. मी पळी खाली ठेवली आणि त्याच्याकडे नीट पाहिलं. त्याने लगेच आणखी रस्सा मागितला.

खाली माझी खाणावळ, वर त्याचं ऑफिस. ऑफिस म्हणजे तीन माणसं: लुकितो, त्याचा शाळेपासूनचा दोस्त बाग्यो, आणि वोनोसोबोहून आलेली किनांती, जी माझ्याच मागच्या खोलीत राहते. त्यांचं काम मला कळतं तेवढं सांगते. मूत्रपिंडं गेलेल्या माणसांना आठवड्यातून दोनदा यंत्रावर रक्त धुऊन घ्यावं लागतं. आसपासच्या केंद्रांमधल्या सगळ्या पाळ्या सेमारांगच्या एका सर्व्हरवर ठेवलेल्या असतात. त्या सर्व्हरला एक खिडकी आहे, तिला हे लोक एपीआय म्हणतात. रुग्णाचा फोन त्या खिडकीशी स्वतः जात नाही. त्याच्या वतीने लुकितोने लिहिलेली लायब्ररी जाते. ही लायब्ररी पुस्तकांची नव्हे. हा निरोप्या आहे. तो खिडकीशी जाऊन विचारतो, अमक्या माणसाची पाळी कधी, आणि उत्तर घेऊन फोनवर परत येतो.

मंगळवारी सकाळपासून निरोप्या रिकाम्या हातांनी परत येत होता. खिडकी मुकी झाली होती.

पाक सुवादी, म्हणजे सुवादीकाका, हे माझं जुनं गिऱ्हाईक. मिठाशिवायचा भात खाऊन बसने उंगारानच्या केंद्रावर जातात. मंगळवारी त्यांची पाळी सकाळवरून संध्याकाळवर गेली होती आणि त्यांच्या फोनला ते कळलंच नाही. म्हातारा माणूस दिवसभर बाकावर बसून राहिला. परत आले तेव्हा थकून भिंतीला धरून चालत होते. तरी मला म्हणाले, बाक चांगलं होतं, सावलीत होतं.

वर मात्र गुन्हेगार सापडला होता. त्या खिडकीला एक गुप्त किल्ली लागते. ती अधूनमधून बदलायची पद्धत आहे आणि ते काम किनांतीचं. मंगळवारी सकाळीच तिने ती बदलली होती. बाग्यो म्हणाला, हिनेच घोळ घातला. लुकितो मान खाली घालून म्हणाला, शुक्रवारच्या बसने तिने घरी गेलेलं बरं.

ताट चाटूनपुसून तो वर गेला. मागच्या खोलीतून कपाट उघडल्याचा आवाज आला. पोरगी बॅग भरत होती. या घरातून कोणी जायचं आणि कोणी राहायचं हे मी ठरवते, आणि मला कोणी विचारलंच नव्हतं.

२

बाग्योला बोलतं करायचं तर तळण लागतं. मी तेंपेचे पातळ काप पिठात बुडवून कढईत सोडले आणि त्याला हाक मारली. माणूस काडीसारखा, जीभ मात्र माझ्या तोडीची. म्हणून तो मला आवडतो, आणि ते मी त्याला कळू देत नाही.

मी विचारलं, खिडकी खरंच बंद पडलीय का? नाही, म्हणाला, सर्व्हर ठणठणीत आहे. केंद्रांचे पत्ते सांगणारं एक पान आहे, त्याला किल्ली लागत नाही. ते त्याने साध्या ब्राउझरमधून उघडून पाहिलं तर लगेच आलं. दुसऱ्या कंपन्यांच्या निरोप्यांना पाळ्या नीट मिळतायत. त्याने शेजारच्या कॉफीवाल्याच्या वायफायवरूनही करून पाहिलं. निरोप्याला जास्त वेळ थांबायला सांगितलं. निरोप्या थांबतो, थांबतो आणि तसाच माघारी येतो. तसाही तो जन्मापासून रोगटच, बाग्यो म्हणाला. प्रत्येक आवृत्तीला नवं दुखणं.

"मग त्याच्यातच काहीतरी बिघडलं असेल," मी म्हणाले.

"सोमवारी रात्री लुकितोने नवी आवृत्ती सोडली, बू. नुसती झाडलोट केलीय म्हणाला, आणि काल परत स्वतः तपासली. मालकाने पाहिलं म्हटल्यावर मी काय बघायचं? तुमच्या रश्श्यात मीठ आहे की नाही ते मी तपासतो का?"

"तपासून बघ, हात मोडीन."

"तेच म्हणतो. मग उरली किल्ली. आणि किल्ली त्या पोरीच्या हातात."

तो शेवटचा काप उचलून गेला. त्याचं म्हणणं ऐकायला अगदी नेटकं होतं. मला मात्र मंगळवारपासून एक बारीक गोष्ट टोचत होती. सोमवारी मी आंबारावाला बहिणीकडे गेले होते, मंगळवारी परतले. आले तर माझं छोटं पातेलं भलत्याच खिळ्यावर टांगलेलं. माडाच्या गुळाची ढेप संपलेली. मोरीच्या जाळीत, गोडात वासाला घालतात त्या पांदानच्या पानाची गाठ अडकलेली. तेव्हा वाटलं, पोरीला गोड खावंसं वाटलं असेल, खाऊ दे. भांडण उकरायला मला वेळ नव्हता.

चहा द्यायला वर निघाले तर जिन्यावर मुंग्यांची रांग माझ्या बरोबरीने चढत होती. चहाचं तबक हातात तसंच धरून मी तिच्या मागे गेले. लुकितोच्या टेबलामागे, तारांच्या गुंत्यात, भिंतीला टेकवून एक वाटी ठेवलेली होती. तळाला वाळलेली पांढरी खीर आणि मधोमध गुळाच्या खिरीचा लालसर ठिपका.

ही लाल-पांढरी खीर आमच्याकडे कोणी जिभेच्या चोचल्यासाठी करत नाही. ती बाळ जन्मल्यावर करतात. या घरात सोमवारी बाळ जन्मलं नव्हतं.

३

ती खीर आणखी एका वेळी होते: नाव बदलताना. पोर सारखं आजारी पडायला लागलं की आम्ही म्हणतो, याला नाव जड झालंय. राजेरजवाड्यांचं नाव गरिबाच्या पोराला ठेवलं की हटकून असं होतं. मग त्याला एखादं हलकं नाव द्यायचं, लाल-पांढरी खीर करायची आणि गल्लीत घरोघर वाट्या पाठवायच्या. शिकलेले लोक हसतात. हसू देत.

मी पदराआड वाटी घेऊन किनांतीच्या खोलीत गेले. ती एकच सदरा परत परत घडी करत होती. या पोरीला मी रोज बोलते. भात गिच्च करते, आवाज काढत नाही, चालते ती सावलीसारखी. माझ्या गुडघ्यांना आल्याचा लेप मात्र तीच लावते, न सांगता, आणि मी तिला रोज म्हणते की फार झोंबतो.

"तू नाव बदललंस का गं, न्दुक?"

ती दचकली आणि दोन दिवसांत पहिल्यांदा हसली. म्हणाली, आईने ठेवलेलं नाव कशाला बदलू? मी वाटी दाखवली. तिने वास घेतला आणि विचारलं, कुणाला बाळ झालं? तिचा चेहरा खोटं लपवण्याइतका मोठा नाही. खीर तिची नव्हती.

मग मी पलंगावर बसले आणि किल्लीचं विचारलं. तिने खाली बघतच सांगितलं, पण एकदा बोलायला लागल्यावर थांबली नाही.

"किल्ली चुकली असती तर खिडकीने 'नाही' म्हटलं असतं, बू. तसा स्पष्ट नकार येतो. इथे नकारसुद्धा आलेला नाही. आणि किल्ली न लागणारं ते पत्त्यांचं पान आहे ना, ते मी निरोप्याकडून मागवून पाहिलं. तेही आलं नाही."

"हे वर सांगितलंस?"

"बाग्योदादांना सांगितलं. ते म्हणाले, चुकणारा माणूस कारणं शोधतोच."

 पान एकच, खिडकी एकच. ब्राउझर गेला तर उत्तर मिळतं, आपला निरोप्या गेला तर मिळत नाही. दोघांच्याही हातात किल्ली नाही. म्हणजे भानगड किल्लीची नव्हतीच. त्या दारावर कोणीतरी माणूस बघून दार उघडत होतं.

तेवढ्यात तिचा फोन वाजला. पाक सुवादी शुक्रवारच्या पाळीचं विचारत होते. तिने उशाखालचा कागद पाहून सांगितलं, सकाळची आहे, नाश्ता करून निघा. मग मला कळलं. मंगळवारपासून ती एकेका केंद्राला फोन लावत होती, पाळ्या विचारून घेत होती आणि एकेका रुग्णाला स्वतः कळवत होती. बॅग भरता भरताही तेच चाललं होतं.

"मी गेल्यावर हे फोन कोण करेल तेवढं बघा, बू," ती म्हणाली.  "मला या कामात परत कोणी उभं करणार नाही. आजारी माणसांची खिडकी बंद पाडणारी मुलगी, असंच सांगतील ना."

मी तिच्या हातातून सदरा काढून घेतला आणि कपाटात परत ठेवला. ती गोंधळून बघत राहिली. मी बाहेर येऊन जिन्यातून बाग्योला हाक मारली आणि सेमारांगला फोन लावायला सांगितला.

४

सेमारांगच्या सर्व्हरची राखण करणारे पाक हेंद्रो फार सभ्य गृहस्थ. इतके सभ्य की त्यांच्याकडून काही काढून घेणं म्हणजे खेकड्याच्या नांगीतून मांस काढणं. बाग्योने मंगळवारीही त्यांना विचारलं होतं आणि त्यांनी गोड आवाजात सांगितलं होतं की आमच्याकडे सगळं सुरळीत आहे.

फोन मी चुलीजवळच्या टेबलावर ठेवायला लावला, सगळ्यांना ऐकू येईल असा. आधी त्यांच्या आईची तब्येत विचारली. जेवण झालं का विचारलं. काय जेवलात तेही विचारलं, आणि ते पाकीटबंद नूडल्स म्हणाल्यावर त्यांना चांगलं खडसावलं. बाग्यो डोळे फिरवत होता. फिरवू दे. माणसाला आईसारखं कोणी बोललं की तो कार्यालयासारखा बोलायचं विसरतो.

मग मी विचारलं, तुमच्या दारावर कोणी नवा पहारेकरी बसवलाय का?

 मग त्यांनी सगळं सांगितलं. हल्ली कुठकुठचे अनोळखी प्रोग्राम झुंडीने येऊन खिडकीला धडका देत होते, त्यामुळे खऱ्या रुग्णांना उशीर व्हायचा. म्हणून गेल्या आठवड्यात त्यांनी दारावर पहारा बसवला. खिडकीशी येणारा प्रत्येक जण आधी आपलं नाव सांगतो. नाव ओळखीचं असलं, किंवा साधा ब्राउझर असला, की पहारा आत सोडतो. बाकीच्यांना तो हो म्हणत नाही आणि नाहीही म्हणत नाही. उभं राहून राहून कंटाळून जातील म्हणून त्यांना तसंच सोडून देतो.

बाग्योने डोळे फिरवायचं थांबवलं.

"आणि हे आम्हाला कळवलं नाहीत?" मी विचारलं.

"कळवायला हवं होतं, बू गिनेम. माझं चुकलं. पण तुम्हाला त्रास व्हायचं कारणच नव्हतं. तुमच्या निरोप्याचं नाव मी स्वतः ओळखीच्यांत घातलंय. सूर्योनगोरो. पहिल्या दिवसापासून तो याच नावाने येतो."

बाग्योने मान हलवली. हो, लायब्ररीचं नाव तेच. त्याला त्यात काही विशेष वाटलं नाही. इतके दिवस मी लायब्ररी, लायब्ररी ऐकत आले, पण तिला काही नाव असेल हे माझ्या ध्यानीमनीही नव्हतं. 

ते नाव मी चांगलं ओळखत होते. माझ्या थोरल्याला त्याच्या बापाने ठेवलेलं पहिलं नाव ते.

५

लुकितोचा बाप बसवर कंडक्टर होता आणि त्याची स्वप्नं राजवाड्याची. पहिला मुलगा झाला तर नाव ठेवलं सूर्योनगोरो, राज्याचा सूर्य. पोर दूध ओकायचं, तापाने फणफणायचं, रडायलाही त्याच्यात जीव नसायचा. शेवटी मी नवऱ्याला न जुमानता नाव बदललं. लुकितो. खीर केली, गल्लीतल्या एकूण एक घरी वाटी पोचवली, आणि पोराने बाळसं धरलं. यात मला कोणी शहाणपण शिकवू नये.

ते टाकलेलं नाव त्याने जपून ठेवलं होतं हे मला माहीत नव्हतं. स्वतः घडवलेल्या पहिल्या गोष्टीला त्याने ते दिलं. मला सांगितलं नाही. मी रागावेन असं वाटलं असेल, किंवा रडेन असं.

मी तिघांना स्वयंपाकघरात बसवलं. पाक सुवादी बाहेरच्या बाकावर जेवत होते. त्यांना ऐकू गेलं तर जाऊ दे. मी एकेक गोष्ट मांडली. किल्ली दोषी नाही, कारण किल्ली न लागणारं पानही निरोप्याला मिळालं नाही. सर्व्हर दोषी नाही, बाकीच्यांना उत्तरं मिळतायत. पहारा गेल्या आठवड्यातला. तरी सोमवारपर्यंत आपला निरोप्या आरामात आत जात होता. मंगळवारी त्याच पहाऱ्याने त्याला ओळखलं नाही. पहारा माणसं नावाने ओळखतो. तेव्हा बदललं ते नाव. नवी आवृत्ती सोडतो एकच जण. आणि मी गावाला गेले त्या दिवशी या चुलीवर खीर शिजवली तीही एकानेच.

मी वाटी लुकितोसमोर ठेवली.

तो वाटीकडे बघत राहिला. भला मोठा माणूस, पण त्या वेळी तापातून उठलेल्या पोरासारखा दिसला.

"सगळे उपाय करून झाले होते, बू," तो म्हणाला. "एक दुखणं बरं करावं तर दुसरं उभं. म्हटलं, मला जे लागू पडलं ते त्यालाही पडेल. नावाने एवढं अडेल असं मनातही आलं नाही. आणि सांगायची लाज वाटली. इंजिनीयर माणूस, खीर करून मशीनमागे ठेवतो."

"काय ठेवलंस नवं?"

"स्लामेत."

स्लामेत म्हणजे सुखरूप. मीही तेच ठेवलं असतं. पण ते मी बोलले नाही. एवढंच विचारलं, घरोघर वाट्या कशाला पाठवतात, माहीत आहे का? उद्या ते पोर नव्या नावाने दारात उभं राहिलं तर लोकांनी ओळखावं म्हणून. तू खीर केलीस आणि तारांमागे लपवलीस. सेमारांगच्या पहाऱ्याने स्लामेत हे नाव ऐकलं आणि म्हणाला, असेल कोणीतरी.

बाग्योने सेमारांगला फोन लावला. पाक हेंद्रोंनी नवं नाव ओळखीच्यांत घातलं आणि दोनदा माफी मागितली. थोड्या वेळाने बाहेर पाक सुवादींचा फोन टुणटुणला. त्यांनी डोळे बारीक करून वाचलं, शुक्रवार, सकाळ. "पोरीने सांगितलं तेच सांगतोय की," असं म्हणून त्यांनी तो खिशात टाकला आणि भात खायला लागले.

बाग्योसाठी मी पुन्हा तळलेल्या कापांची बशी त्याने किनांतीपुढे सरकवली. त्याला ओळखणाऱ्याला कळेल की याहून मोठी माफी त्याच्याकडे नाही. तिने एक काप घेतला, पण खाल्ला नाही. तिची बॅग अजून दाराशीच होती, अर्धी उघडी. ती लुकितोकडे बघत नव्हती आणि लुकितो सगळं मलाच समजावून सांगत होता: किल्ली आणि आवृत्ती एकाच वेळी बदलल्या, त्याला खरंच वाटलं की किल्लीच असेल, शुक्रवारपर्यंत तो आणखी बघणारच होता. मी हात वर करून त्याला थांबवलं.

"मला नको सांगूस, लुकितो. दुखणाऱ्या पोराचं नाव बदललंस, त्यात तुझं काही चुकलं नाही. पण स्वतःची लाज झाकायला झाडलोट म्हणालास, आणि सगळी बोटं हिच्याकडे वळली तेव्हा मान खाली घातलीस. लहानपणी तुझं ओझं मी वाहिलं, कारण मी तुझी आई होते. ही तुझी कोणी नव्हती, तरी दोन दिवस तिने ते वाहिलं, आणि वरून तुझे रुग्णही सांभाळले. आता ऊठ. तिची बॅग उचल, आत नेऊन ठेव, आणि जे मला सांगतोयस ते तिच्या तोंडाकडे बघून तिला सांग."